शहाण्णवाव्या पानावरची खुशाली

मनोहर बारडकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला माझ्या प्रेसमध्ये सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे बांधत होतो. फोन त्याच्या मुलीचा होता. बाबांनी सकाळी चहा घेतला, पेपर मागितला आणि तिथंच गेले, म्हणाली. मी ‘निघतो’ म्हणालो आणि, खरं सांगायचं तर, आधी ते गठ्ठे बांधून संपवले. दुपारी शिकवणीचा माणूस न्यायला येणार होता. मग अहमदपूरवरून जाणारी नांदेडची एसटी धरली आणि तिथून मुदखेड गाठलं. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. शाळेपासूनच्या दोस्ताला निरोप द्यायलाही मी उशिराच गेलो. पाच-सहा आठवडे झाले, ते टोचणं काही जात नाही.

आजच्या वाचकांना हे नाव आठवायचं नाही. एके काळी मराठवाड्यातल्या प्रत्येक एसटी स्टँडवर, भेळेची गाडी आणि रसवंती यांच्या मधे जो पुस्तकांचा स्टॉल असायचा, त्यावर बारडकरच्या भयकथा दोरीला टांगलेल्या असत. मुखपृष्ठावर हमखास एक विहीर, एक बाई आणि नको तितका लाल रंग. लाल रंगाला जबाबदार मी. नांदेडला तेव्हा माझा छोटा छापखाना होता आणि बारडकरचा प्रकाशक, मुद्रक, मुद्रितशोधक सगळं मीच होतो. मनोहर मुदखेड जंक्शनवर बुकिंग क्लार्क होता. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, भर दुपारी, तिकिटाच्या खिडकीमागं बसून तो लिहायचा. दुपारी बाराला भीती वाटली तरच ती खरी, असं त्याचं म्हणणं होतं. कथा झाली की रविवारी प्रेसवर यायचा आणि पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनच्या खडखडाटात मला वाचून दाखवायचा. मी काम चालू ठेवायचं अशी अट होती. ऐकता ऐकता माझा पाय थांबला आणि मशीन थांबली, की कथा पास. मी त्याला कधी शाबासकी दिली नाही. मशीन थांबायची, तीच शाबासकी.

त्याची पुस्तकं शहाण्णव पानांची असत. सोळा-सोळा पानांचे सहा फॉर्म, हिशोब सरळ. गोष्टी पंच्याण्णवाव्या पानावर संपायच्या आणि शहाण्णवावं पान त्यानं स्वतःकडं राखून ठेवलं होतं. त्यावर मथळा असायचा ‘खुशाली’. यंदा क्वार्टरवरचा पत्रा बदलला. एका मासिकानं कथा परत पाठवली, अक्षर चांगलं आहे असं कळवलं. मुलगी चौथीत गेली, गणितात कच्ची आहे, माझ्यावर गेली. नवा चष्मा केला, आता भुतं स्पष्ट दिसतात. सौ.चा गुडघा अजून दुखतो. असं पानभर. मला हे अजिबात पटायचं नाही. पंच्याण्णव पानं माणसाचं रक्त गोठवायचं आणि शेवटी बायकोचा गुडघा सांगायचा, हा काय प्रकार, असं मी त्याला कितीदा टोकलं. तो हसायचा. एकदाच नीट उत्तर दिलं. म्हणाला, “मालक, आपण माणसाला घाबरवलं ना, मग त्याला घरापर्यंत पोचवून बी यावं लागतं.”

मालक म्हणायचा तो मला, चिडवायला. प्रेसची फरशी मीच पुसायचो हे त्याला माहीत होतं.

वाचकांची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची. पोस्टकार्डांची चळत. भुतांविषयी त्यात फारसं काही नसायचं. गुडघ्याला कोणतं तेल लावावं, गणिताला कोणतं पुस्तक घ्यावं, पत्रा कोणत्या कंपनीचा चांगला. किल्लारीच्या अंगाच्या एका गावातून गणपत नावाच्या शिंप्याचं कार्ड दर पुस्तकामागं यायचं. अक्षर टाचण्या लावल्यासारखं सरळ. मनोहर ते कार्ड खिशात घालून न्यायचा, बाकीची माझ्याकडं ठेवायचा.

भूकंप झाला त्या वर्षी दिवाळी तोंडावर होती. गणपतचं गाव बसलं असं पेपरात वाचून मनोहर निघाला. प्रेसवर येऊन मला ‘चल’ म्हणाला. माझ्याकडं दोन दिवाळी अंकांचं काम होतं. मी गेलो नाही. चार दिवसांनी परतला तेव्हा दाढी वाढलेली, चपला मातीनं भरलेल्या. गणपत गेला होता. त्याची बायको पार्वतीबाई पत्र्याच्या शेडमध्ये भेटली, एवढं त्यानं सांगितलं. आणि मी, मेल्या मनाचा माणूस, त्याला म्हणालो की यावर एक भयकथा लिही, अंकात जागा आहे, सगळे तेच वाचतील. त्यानं चपला काढून पायरीवर माती झाडली. रागावला असता तर बरं झालं असतं.

“तिथं मेलेल्यांचं भ्या कुणालाच वाटत न्हाई,” तो म्हणाला. “लोक त्यांना नावानं हाका मारून राहिलेत. ये म्हणून.”

त्यानंतर त्याची भुतं बदलली. ती कुणाचा गळा धरत नसत. दारात येऊन उभी राहायची, जेवलात का विचारायची. स्टॉलवाले कुरकुरायला लागले. मी त्याला समजावलं की वाचक भीती विकत घेतो, विचारपूस नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि आपलंच लिहीत राहिला.

मधल्या काळात लातूरचं नाव दहावी-बारावीच्या निकालांनी गाजायला लागलं. शिकवण्या वाढल्या, खोल्या, खानावळी, सायकली वाढल्या आणि सगळ्यांत जास्त वाढला तो छापील कागद. नांदेडचा छापखाना उचलून मी लातूरला आलो, छपाईची ऑफसेट मशीन घेतली. ट्रेडल मात्र मोडीत घालवली नाही, कोपऱ्यात ठेवली. माझे बरे दिवस आले. मनोहरची मुलगीही बारावीच्या तयारीला लातूरला आली आणि सुमनवहिनी तिच्यासाठी खोली करून राहिल्या. दोन वर्षं मनोहर मुदखेडला एकटा.

त्यातल्या पहिल्याच वर्षी त्याचं पुस्तक छपाईला होतं आणि एका मोठ्या शिकवणीच्या संचालकांना जाहिरात हवी होती. पान शेवटचंच हवं, म्हणाले. त्यांचं वर्षाचं सगळं काम मला मिळणार होतं. मी खुशाली काढली आणि तिथं यशस्वी विद्यार्थ्यांचे टिकलीएवढे फोटो छापले. मनोहरला विचारलं नाही. पुस्तक हातात घेतल्यावर त्यानं सवयीनं मागून उघडलं. बराच वेळ ते फोटो बघितले. “छान दिसून राहिलंय,” म्हणाला आणि चहा न घेता वहिनींच्या खोलीकडं गेला. त्या शिकवणीलाच त्याची मुलगी जात होती.

जाहिरात तिथंच राहिली. पोस्टकार्डं कमी झाली, मग थांबली. दोन पुस्तकांनंतर त्यानं लिहिणं सोडलं. एकदा, शेवटचं, तो नव्या कथेचे कागद घेऊन प्रेसवर आला होता. ऑफसेट चालू होती, परीक्षा जवळ आली होती. त्यानं दोन पानं वाचली. मशीन थांबली नाही. त्यानं कागद घडी करून पिशवीत ठेवले आणि पाऊसपाण्याचं विचारलं. टीव्हीमुळं भयकथा संपल्या, असं मी पुढं चारचौघांत सांगत फिरलो. ते साफ खोटं आहे, हे आज छापून टाकतो.

तेराव्याला वहिनींनी माझ्यासमोर एक फाइल ठेवली. आत फुलस्केप कागद, वर्षाला एक. प्रत्येकावर मथळा ‘खुशाली’ आणि प्रत्येकाच्या तळाशी, मधोमध, आकडा ९६. सगळ्यांत जुना कागद मी काढून टाकलेल्या पानाचा. ‘यंदा घरी एकटाच आहे. भात करपतो. गोष्ट लिहिली की वाचून दाखवायला कुणी नाही. या बाजूला आलात तर खिडकीपाशी हाक मारा, चहा पाजीन.’ पान काढण्याआधी हे मी स्वतः जुळवलं होतं. जुळवणारा अक्षरं बघतो, मजकूर बघत नाही, ही आमच्या धंद्याची सबब. पण दोन वर्षांत मी एकदाही त्या खिडकीपाशी गेलो नव्हतो.

हे कागद कशासाठी, मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, पार्वतीबाईंसाठी. हे कच्चे, पक्कं लिहून दर दिवाळीला पोस्टात जायचं. “भूकंपाच्या वक्ताला त्या बाईनं सांगितलं होतं त्यांना, भाऊजी. गोष्टी लिवा न लिवा, खुशाली तेवढी धाडा. आमाला कळवणारं आता कुणी राहिलं न्हाई. त्यांनी शब्द दिलता, पुस्तकात छापून येईल म्हणून.”

मला का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही. तरी वहिनींनीच सांगितलं की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

सगळ्यात वरचा कागद यंदाचा होता. ‘दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आता भुतं चष्म्याशिवाय दिसतात. सौ.चा गुडघा’... एवढ्यावर थांबलेला. आकडा मात्र आधीच घातलेला होता.

तो कागद घेऊन मागच्या रविवारी मी त्या गावी गेलो, तीस वर्षं उशिरा. पुनर्वसनाच्या घराच्या ओट्यावर पार्वतीबाई बसल्या होत्या. वाचता येत नाही, शाळेतल्या बाई वाचून दाखवतात, म्हणाल्या. मनोहर गेल्याचं सांगितलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला, मग म्हणाल्या, जे आलंय ते तरी वाचा. मी वाचलं. शेवटच्या शब्दाशी थांबलो. त्या वाट बघत होत्या.

“फुडं वाचा की, दादा. डावा गुडघा कसा हाय त्यांचा?”

कित्येक वर्षं तो गुडघा मी शिशाच्या खिळ्यांत, एकेक अक्षर लावून, जुळवला होता. डावा की उजवा, मला माहीत नव्हतं.

त्यांच्या ओट्यावरूनच वहिनींना फोन लावला आणि तब्येत विचारली, बहुधा पहिल्यांदाच. वहिनी सांगत गेल्या. काल कोपऱ्यातली ट्रेडल पुसली, तेल घातलं आणि ते पान खिळ्यांत जुळवलं. मनोहरचा मजकूर जसाच्या तसा. त्याखाली त्याच्या जाण्याची एक ओळ, आणि मग, ‘डावा गुडघा दुखतो, पण जिना चढता येतो.’ तळाशी ९६. दोन प्रती काढल्या, एक पार्वतीबाईंची, एक वहिनींची. मग मशीन थांबवली.