माणसं परत का बोलावली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ऑफिसात तर प्रश्नच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असलात, तरी मला ते कळणार नाही.

नवी मुंबईत, महाप्याच्या एका कंपनीत मी मॅनेजर आहे. परदेशातल्या ग्राहकांच्या तक्रारी येतात, आमची माणसं त्या सोडवतात. लॉकडाऊन संपून दोनेक वर्षं झाली तरी माझी सगळी टीम घरूनच काम करत होती. आणि काम चांगलं चाललं होतं. हे आधीच सांगून टाकतो — चांगलं चाललं होतं.

ऑफिसात रोज फक्त मी जायचो. सर्व्हर तिथे, कुणीतरी हवं म्हणून. तिसरा मजला, दीडशे खुर्च्या आणि मी. खुर्च्यांवर लोकांनी घाईत सोडलेले स्वेटर तसेच होते. कपांच्या तळाशी चहा वाळून काळा पडलेला. काचांना गडद फिल्म, त्यामुळे भर दुपारीही दिवे लागायचे, आणि तेही हालचालीवर चालणारे. बराच वेळ स्थिर बसलं की अंधार; हात हलवला की उजेड. त्याची सवय झाली. पण कधीकधी मी हललेलोच नसायचो, आणि पार टोकाचे दिवे लागायचे. मग त्याच्या अलीकडचे. मग त्याच्या अलीकडचे. कुणी सावकाश माझ्याकडे चालत यावं, तसे.

इलेक्ट्रिशियनने सेन्सर बदलले. तरी तेच.

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस ऑफिसात एकटं बसायला घाबरतो — हे सांगणार कुणाला?

एका दुपारी केबिनबाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला. आतली लाइन. मी उठून गेलो. त्यावर नंबर दिसत होता माझ्याच केबिनचा, जिथून मी नुकताच उठलो होतो. उचलला. पलीकडे कुणी बोललं नाही. एसीची घरघर, आणि खुर्ची करकरल्याचा आवाज. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. जिना उतरून पळालो आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर तीन तास बसून राहिलो.

त्या तीन तासांत एका मोठ्या ग्राहकाची तातडीची तक्रार माझ्याकडे येऊन पडली. ती मी संगीताकडे पाठवायची होती. संगीता माझ्या टीममधली सगळ्यात भरवशाची मुलगी. जवळच तळवलीत घरी, कॉम्प्युटरसमोर बसूनच होती.

पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसच्या साहेबांनी फोन केला. माणसं परत बोलवावीत का, तुझं मत लिहून दे. आणि त्या तक्रारीला उशीर का झाला, तेही.

काय लिहिणार होतो मी? भुताला घाबरून पळालो म्हणून?

मी लिहिलं की घरी लोकांचं लक्ष राहत नाही. उदाहरण दिलं — संगीताचं. तक्रार तीन तास तिच्याकडे पडून होती, असं लिहिलं. नावासकट.

महिन्याभरात सगळ्यांना परत यायची ऑर्डर निघाली. टीममध्ये तर्क चालायचे: जागेचं भाडं फुकट जातंय म्हणून; साहेबांना डोळ्यांसमोर माणसं लागतात म्हणून. मी त्यांच्यात बसून मान हलवायचो. असेलही त्यातलं काही खरं. पण आमच्या मजल्यापुरतं कारण मी होतो. मला सोबत हवी होती.

संगीता केबिनमध्ये आली. तिच्या वडिलांना विसरण्याचा आजार. आई नाही, भाऊ नाही. म्हणाली, "सर, मी दिसले नाही की बाबा शोधत सुटतात. मला तरी घरून करू द्या ना."

सवलत मागायची तर साहेबांनी माझंच पत्र समोर ठेवलं असतं. मग उशिराची चौकशी झाली असती. मी म्हणालो, "वरून ऑर्डर आहे गं. माझ्या हातात काही नाही."

तिने शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं. एका रविवारी ती बाबांना रिक्षाने आमच्या गेटपर्यंत घेऊन आली, वर बोट दाखवलं — मी इथं असते, संध्याकाळी येते. त्यांनी घाबरू नये म्हणून. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

मजला भरला. हसणं, डबे, भांडणं. दिवे पुन्हा कधी आपोआप लागले नाहीत. आणि मला — खरं सांगतो — फार बरं वाटलं.

चौथ्या आठवड्यात बाबा घरातून निघाले. काकूंना म्हणाले, "लेकीला घेऊन येतो, लई येळ झाला तिला." काकूंना वाटलं, गल्लीतच फिरतील.

संध्याकाळी शोधाशोध सुरू झाली. आमच्या गेटचा कॅमेरा मी आणि वॉचमनने बघितला. दुपारी अडीच वाजता ते गेटसमोर उभे होते. पांढरा सदरा, पायात चपला नाहीत. गेट ओलांडलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. वीस मिनिटं नुसते मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघत होते. मी खिडक्या मोजल्या, बरोबर माझ्या खिडकीकडे. त्या वेळी मी त्याच खिडकीत पाठ करून चहा पीत होतो. मग त्यांनी हात वर केला, कुणाला तरी ओळखल्यासारखा, आणि कारखान्यांच्या मागच्या बाजूला चालू लागले.

दोन दिवस आम्ही शोधलं. मीही हाका मारत फिरलो. तिसऱ्या सकाळी एका बंद कारखान्यामागच्या नाल्यात ते सापडले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेलो. संगीताने गावाकडून आलेल्या काकांशी ओळख करून दिली. "हे आमचे सर. दोन दिवस माझ्यासोबत उन्हात फिरले. सुट्टीला एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत."

काकांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यासारखा मानूस हाय तिथं, म्हून पोरीचा घोर न्हाई आमाला."

मी हात सोडवून घेतले नाहीत. मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटलं असेल. मग पंगत बसली. संगीता स्वतः वाढत होती. मी जेवलो.