जिन्यापाशी राहिलेला तुकडा

सोलापुरात गिरणीच्या ऑफिसात मी टाइपिस्ट होतो. खाली मागांच्या खात्याशी बोलायला इंटरकॉम होता, आणि तो विकणाऱ्या दोन कंपन्यांत तेव्हा भारी चुरस. एका वर्षी साहेबांनी जुनी कंपनी सोडून दुसरी धरली.

नव्या कंपनीचा मेकॅनिक पन्नाशीचा, विणकराच्या घरातला. जुनी वायर तो भराभर उपसत होता. जिन्यापाशी मात्र हात थांबला. तिथं वायर जोडलेली होती, आणि जोडाला विणकर तुटलेल्या सुताला मारतात तशी गाठ होती. तिच्यावरून तो अंगठा फिरवत राहिला.

"गाठ उलटी हाय. माझा धाकटा भाऊ डावरा. आईनंच शिकवली दोघांना. तो त्या कंपनीत, मी हिकडं. सहा वर्षं बोलणं न्हाय."

तेवढा तुकडा त्यानं तसाच ठेवला आणि नवी वायर तशाच गाठीनं त्याला जोडली.

"कंपनी रागावली तर?" मी विचारलं.

"रागावू दे की. कधीतरी हे गिऱ्हाईक तो परत घेईल. वायर काढायला आला की बघंल."

काम त्यानं चोख केलं होतं. मी तिथं होतो तोवर इंटरकॉम एकदाही बिघडला नाही. रोज सकाळी मी तो, बंद पडला असेल या आशेनं, उचलून बघायचो.