तात्यांच्या हाताची साल

कलमवाले तात्या कुणाचाही चेहरा नंतर बघत, आधी हात. दहिवलीत आमच्या शेजारी राहायचे. आसपासच्या निम्म्या फार्महाउसांतले आंबे त्यांनी कलम बांधून उभे केलेले. मी बीएस्सी झाले, आमच्या घरातली पहिली. पेढा घेताना त्यांनी माझी बोटं उलटसुलट पाहिली. "शिकलीस तरी हात कामाचं हायती गं. बरं झालं."

पुढे लॅबचा कोर्स करून मी एका रुग्णालयात, रोग्यांच्या शरीरातले तुकडे तपासतात त्या विभागात लागले. तात्या सगळ्यांना सांगत, "आमची पोरगी मानसाची साल कापून बघते."

मग त्यांच्याच उजव्या हातावर, भाजल्याच्या जुन्या डागात, कातडीचा कॅन्सर निघाला. त्यांनी रेडिएशनचा शेक घेतला. जखम भरली, कातडी काळी, टणक, बिनकेसांची झाली. वर्षभराने तिथेच चिघळलं. डॉक्टर म्हणाले, रोग उलटला असेल तर हात कोपरापासून काढावा लागेल.

"मंग चाकू काय दातात धरू?" तात्या हसले.

तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. कापला मी, रंगवला मी, आणि राहवेना म्हणून आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाही मीच. पेशी सुजलेल्या, त्यांची केंद्रकं मोठी, काळी, वेडीवाकडी. रोग उलटलाच, असं धरून बाथरूममध्ये जाऊन रडले.

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "पेशी विद्रूप आहेत, पण एकेकट्या. कळप करून आत घुसलेल्या नाहीत. खाली बघ, तंतू घट्ट, रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड. हा शेकाचा मार आहे. रोग नाही." मग म्हणाल्या, "पण चिघळलं कशानं?"

ते संध्याकाळी ओट्यावर कळलं. तात्यांनी बाही वर केली. जखमेवर कलमाची प्लास्टिकपट्टी करकचून आवळलेली!

"जरा चीर पडली व्हती, म्हनून बांधली. जोडाला वारा लागला का तो सुकतो गं."

"तात्या, हात हाय का हापूस? डॉक्टरांना दिसली नाय?"

"जाताना सोडायचो. हसला असता तो."

पट्टी सुटली. जखम भरायला चार महिने लागले. भरल्यावर त्यांनी आमच्या परसात एक कलम बांधलं. पुढे जोडावरची खडबडीत साल मी खरवडायला गेले, तर ओरडले, "ऱ्हाऊ दे! जोडाची साल अशीच ऱ्हाते. तिला बघून कुऱ्हाड नाय काढायची."

आता स्लाइडवर वेडीवाकडी पेशी दिसली की मी आधी सोबत आलेला रोग्याचा कागद वाचते, या माणसाने शेक घेतलाय का.

तात्या गेल्या वर्षी गेले, हृदयविकाराने. सगळे चेहऱ्याचं दर्शन घेत होते. मी चादर जरा सरकवून उजवा हात पाहिला. काळा, टणक, अख्खा.