बाहेर सांगायची गाठ

मी धुळ्यात डॉक्टर असताना दोंडाईच्याकडची एक बाई फुप्फुसात गाठ झाली म्हणून यायची. छाती तपासायची म्हटलं की पाठ पुढे करायची. गाठीचा तुकडा मुंबईला पाठवला. तिथे प्रतिपिंडांचा रंग लावल्यावर त्यात स्त्री-संप्रेरकाला धरून ठेवणारे रेणू, म्हणजे रिसेप्टर, दिसले. म्हणजे गाठीचं मूळ बहुधा स्तनात होतं. मी तिला एकटीला स्तनाबद्दल विचारलं. खाली बघत ती म्हणाली, "तठे पहिलेपाईन गाठ शे. दखाडाले लाज वाटे. बाहेर फुप्फुसनीच सांगा, भाऊ."

बाहेर थांबलेल्या नवऱ्याला आत बोलावून मी तसंच सांगितलं. त्याने खिशातलं बिडीबंडल काढून टेबलावर ठेवलं. "मन्हाच धूर लागना तिले," म्हणत तो मान खाली घालून रडू लागला. ती पदराआडून माझ्याकडे बघत होती. मी मुंबईचा रिपोर्ट पाकिटात घालून ठेवला.