वर्नाच्या तळघरात छापलेली वाट

वर्ना हान्सन शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली आणि तिने घरातली यंत्रं एकमेकांना जोडायचा सपाटा लावला. प्रिंटर तळघरातल्या जुन्या कॉम्प्युटरला, कॉम्प्युटर घरच्या वायफायला. माडीवरून हुकूम सोडला की खाली कागद बाहेर पडायचा. नवरा एमिल चिडवायचा, "एका घरात राहून टपालखातं चालवतेस!"

त्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या त्यांच्या दरीत वणवा उतरला. एमिल खुब्याच्या ऑपरेशनमुळे माडीवर पडून होता. वीज गेली, मोबाइल मुके झाले, भर दुपारी सूर्य तांबडा झाला. आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी लायल धापा टाकत आला.

"हायवे बंद झाला. ओंडक्यांच्या ट्रकांचा जुना रस्ता तेवढा उरलाय. पण त्याचे फाटे कुणाला ठाऊक?"

"एमिलला," वर्ना म्हणाली. उभी हयात त्याने त्याच रस्त्याने ट्रक हाकला होता.

माडीवर एमिलने लॅपटॉपमध्ये साठवलेल्या नकाशावर लाल रेघ ओढली. बाहेर लायलच्या मागोमाग आलेल्या गाड्यांची रांग लागली होती.

"नेट बंद आहे. छापणार कसं?" लायलने विचारलं.

"घरातल्या घरात जायला बाहेरचं नेट कशाला? जनरेटरवर राउटर चालू आहे," वर्ना म्हणाली.

एमिलने बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं : प्रिंटर सापडत नाही. पुन्हा दाबलं. तेच.

नव्या लॅपटॉपला प्रिंटरची जुनी वायर बसत नव्हती. वर्ना तळघरात धावली. प्रिंटरचा दिवा लागलेला होता, पण कॉम्प्युटर काळाठिक्कर! वीज गेली तेव्हा तो बंद पडला होता आणि प्रिंटरपर्यंतची वाट त्याच्यातूनच जात होती. तिने बटण दाबलं. म्हातारं यंत्र घरघरलं आणि स्वतःचीच तपासणी करत बसलं.

"वर्ना! अंगणात निखारे पडतायत!" वरून एमिल ओरडला.

"कळतंय रे! तू ते बटण बडवणं थांबव!"

झरोक्यातून धूर आत येत होता. हे सोडून पळावं का? पण रांगेत लेकुरवाळ्या बाया होत्या, म्हातारे होते; धुरात चुकीच्या फाट्याला वळले तर परत फिरायला जागा नव्हती.

खाड् आवाज झाला आणि पहिला कागद सरकला. मग दुसरा, तिसरा. एमिलने बडवलेले, लॅपटॉपमध्ये तुंबलेले सगळे हुकूम एकामागून एक बाहेर पडू लागले. लायल ते उचलून गाडीगाडीच्या खिडकीत कोंबत पळाला.

शेवटी वर्ना आणि लायलने एमिलला खुर्चीसकट उतरवून गाडीत घातलं. वर्नाने स्टिअरिंग धरलं. एका फाट्यावर समोरचं काही दिसेना.

"डावीकडे," एमिल म्हणाला.

"रस्ताच नाहीये तिथे!"

"आहे गं. घाल गाडी."

तिने घातली. चाकांखाली खडी वाजली.

संध्याकाळी पलीकडच्या गावात लायल सगळ्यांच्या मागून पोचला. तोंड काजळलेलं. "मागे कुणी राहिलं नाही," तो म्हणाला. मग पुटपुटला, "तुमचं घर मात्र गेलं, वर्नाकाकू."

वर्नाने मान हलवली. गाडीच्या पायरीवर बसली. एमिलने खिडकीतून हात काढून तिच्या खांद्यावर ठेवला.