आधी दवाखाना, मग दूध

यमुनाकाकूंच्या नव्या भाडेकरूला घराची किल्ली लगेच मिळत नसे. बँकेने माझी बदली साताऱ्याहून भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला केली आणि बाबांना घेऊन मी काकूंच्या दारात उतरले. सामानाचा टेम्पो उभा, नव्या घरात उतू घालवायच्या दुधाची पिशवी बाबांच्या हातात, आणि काकू चपला सरकवत म्हणतात, "चला जी, पह्यले दवाखाना पाहून येऊ. दूध काई पळून नाई जाऊन राह्यलं."

बाबा भडकले. गृहप्रवेशालाच दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे अपशकुन! "मला काय धाड भरलीय?"

"नाई भरली म्हून तं आज जाऊ, काकाजी. दुखाले लागल्यावर रस्ता इचारत फिरसान का?"

बाबांपेक्षा वीतभर ठेंगण्या काकू पुढे आणि बाबा धुसफुसत मागे. नव्या सुनेला देवळात नेतात तशा थाटात त्यांनी आम्हांला सरकारी दवाखान्यात फिरवलं. डॉक्टर, सिस्टर, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, सगळ्यांना वाटेत माझ्याकडून काढून घेतलेलं सांगितलं, "हे आपले काकाजी. यायच्या छातीत स्टेंट हाये." बाबा लाजून लाल.

मी ऐटीत म्हटलं, "काकू, बँकेचा आरोग्यविमा आहे आमचा. कार्ड आहे."

"कारड हाये, पर अठी चालते का? लाव फोन."

फोन लावला. विमा चालत होता, पण साताऱ्यात विम्याचं इस्पितळ जसं घरापासून चालत जाण्यासारखं होतं तसं इथे नव्हतं. बिनपैशाची भरती थेट नागपुरात, तीही आधी कळवलं तर. हे काही मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर किल्ली मिळाली आणि दूध उतू गेलं.

काकूंच्या या हट्टामागचं कारण पुढे त्यांनीच सांगितलं. आम्ही दोघी अंगणात लाखोरीची डाळ निवडत होतो. त्यांच्या यजमानांची बदली दूरच्या जिल्ह्यात झाली होती, आणि सामान सोडायच्या आतच त्यांच्या छातीत कळ आली. "मानूस घरात, पैसा घरात, आन् मले दवाखान्याचा रस्ता मालूम नोता," काकू म्हणाल्या. "जा दवाखान्याच्या दारात गेली, तो बंद. दुसरा सापडला तवा उशीर झाला होता." मग पुन्हा डाळ निवडू लागल्या.

पुढच्या पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत, गाव सगळं शेतातल्या बांधीत चिखल तुडवत असताना, जेवून उठलेले बाबा घामाने निथळले. छाती धरून खाली बसले. कोणाला फोन करायचा हे माझ्या हातांना माहीत होतं. ड्रायव्हरने पत्ता विचारला नाही. डॉक्टरांनी स्टेंटचं विचारलं नाही. औषध दिलं आणि नागपूरला धाडलं. वाटेतच मी विम्यावाल्यांना कळवलं. इस्पितळाच्या दारात पोहोचलो तेव्हा तिथले लोक आमची वाटच पाहत होते.

सकाळी बाबांनी चहा मागितला. मी व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडले. केवढं हलकं वाटलं!

काकू डबा घेऊन एसटीने आल्या. बाबा म्हणाले, "वहिनी, तुमचा अपशकुन फळला बरं का."

"फळन नाई तं काय," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत डबा उघडायला लागल्या.

यंदा माझी बदली नांदेडला झाली. नवे घरमालक हसत किल्ली पुढे करत होते, मी दुधाचं पातेलं शोधत होते, एवढ्यात काकूंचा फोन आला. पोहोचलात का, प्रवास कसा झाला, काही नाही. "दवाखाना पाह्यला का?"

मी उत्तर द्यायच्या आत बाबांनी फोन ओढून घेतला. चपला त्यांनी काढल्याच नव्हत्या.

"तिकडंच जाऊन राहिलो जी!"