पाण्यात वाकलेलं पातं

त्या शनिवारी नेपरव्हिलमध्ये बर्फ साचला होता, तरी घरची कामं सकाळीच उरकून मी मुलीबरोबर तिच्या सरांच्या वर्कशॉपवर पोचले. लेक मटेरियल्स इंजिनिअर. वर्षभर सुट्टीचे सगळे दिवस तिने या जपानमध्ये शिकून आलेल्या अमेरिकन लोहाराकडे एक आखूड जपानी तलवार घडवण्यात घातले होते. पोलाद तापवायचं, ठोकायचं, पोळीसारखी घडी घालायची, पुन्हा ठोकायचं.

आज पात्याला पाणी पाजायचं होतं. लालबुंद पातं गार पाण्यात बुडवलं की धार कडक होते. पण ते तडकलं तर वर्षाची मेहनत भंगारात. तेलात धोका कमी असतो, असं मी वाचून ठेवलं होतं आणि तिला ऐकवलंही होतं. तिला पाणीच हवं होतं. धारेलगतची ती धुरकट पांढरी रेष पाण्यातच खरी खुलते म्हणे.

पात्यावर तिने आदल्या दिवशी माती थापली होती. पाठीवर जाड, म्हणजे पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. धारेवर धिरड्याच्या पिठाइतकी पातळ.

पोलादाचा रंग नीट दिसावा म्हणून खिडक्या काळ्या कागदाने झाकल्या होत्या. मी व्हिडिओसाठी फोन काढला.

"आई, फोन आत. नो लाइट."

ठेवला. ती कोळशांतून पातं पुढेमागे ओढत राहिली. सर हात मागे बांधून उभे. कधी काढायचं ते तिचं तिने ठरवायचं, ते सांगणार नव्हते.

अचानक तिने पातं उचललं आणि काचेच्या टाकीत आडवं बुडवलं. पाणी खदखदलं, सरांनी दिवा लावला, आणि मला दिसलं की पात्याचं टोक धारेच्या बाजूला खाली वाकतंय.

"अगं, वाकलं!"

"थांब गं. बघ."

टोक थबकलं. मग वर यायला लागलं, आमच्या डोळ्यांदेखत, जिवंत असल्यासारखं. जवळजवळ सरळ ठोकलेल्या पात्याला तलवारीचा बाक येत होता. आधी धार निवून आकसते, मग कडक होताना फुगते आणि पात्याला पाठीकडे रेटते, हे तिने नंतर समजावलं. तेव्हा मी फक्त टेबलाची कड घट्ट धरली होती. तिघंही कान देऊन होतो. तडकताना बारीक टिंग आवाज येतो, म्हणाली होती.

आला नाही.

सरांनी भिंगातून सगळी धार तपासली. कानस फिरवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली, म्हणजे धार कडक झाली होती. अजून हलक्या आचेवर ते शेकायचंय, तोवर गाफील राहू नकोस, असं त्यांनी बजावलं. पण ती ऐकतच नव्हती. दगडावर पात्याचा छोटासा भाग घासून तिने पातं दिव्याखाली तिरकं धरलं. धारेलगत पहाटेच्या धुक्यासारखी पांढरी लाट.

"आई, दिसली?"

दिसली, म्हटलं. तिने परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सरच हसायला लागले.